ताबा सोडू नका

पनवेलजवळ सुकापूरच्या त्या फ्लॅटमध्ये राहायला जाऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. रविवारी दुपारी बेल वाजली. दारात तिघं उभे होते. पांढरा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाच्या खांद्यावर गादीची वळकटी होती, सुनेच्या हातात देवांचा डबा. मला वाटलं, मजला चुकले असतील.

"कोण हवंय?" मी विचारलं.

"तुमी कोन?" मुलाने उलट मलाच विचारलं. "ह्यो फ्लॅट आमचा हाय."

नवरा जेवता जेवता उठून आला. त्या माणसाने पिशवीतून करारनामा काढून दाखवला. तीच इमारत, तोच मजला, तोच नंबर, त्याच बिल्डरची सही, वर सरकारी नोंदणीचा शिक्का. आमच्या कपाटात होता अगदी तसाच, फक्त त्यांचा आमच्या आधीचा होता. बिल्डर त्यांना किल्ली आज देतो, उद्या देतो म्हणत राहिला होता. त्या दिवशी त्याच्या ऑफिसचं शटर बंद दिसलं म्हणून ते सामान घेऊन थेट आले होते.

दोन्ही पुरुष दारातच भांडायला लागले. म्हाताऱ्या गृहस्थांना जिने चढून धाप लागली होती, त्यांनी पाणी मागितलं. मी त्यांना आत घेतलं. भिंतीला पाठ टेकून ते हॉलमध्ये खाली बसले, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "बाय, आता मी हितून उठनार नाय."

आणि ते उठले नाहीत. नवऱ्याने पोलिसांना बोलावलं. आलेल्या हवालदाराने दोन्ही कागद पाहिले, डोकं खाजवलं. "हा दिवाणी मामला आहे. कोर्टात जा. तोवर कुणी कुणाला बाहेर काढायचं नाही. हाणामारी केलीत तर दोघांनाही आत घालीन." आमच्या वकिलाने फोनवर एकच वाक्य सांगितलं: "काय वाटेल ते करा, पण ताबा सोडू नका." त्यांच्या वकिलानेही त्यांना तेच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

जायला त्यांना जागा नव्हती आणि आम्हालाही नव्हती. आम्ही डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून आलो होतो. लग्नातलं सगळं सोनं आणि बँकेचं कर्ज त्या घरात गेलं होतं. बँकेच्या वकिलाने कागद तपासून बरोबर आहेत म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो होतो. ते लोक गव्हाणकडचे. म्हाताऱ्यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. मिठागरं गेली, मग शेताचा शेवटचा तुकडा विकला आणि ते पैसे या फ्लॅटमध्ये घातले. मुलगा बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांतून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा.

अशा तऱ्हेने आम्ही एकाच घरात दोन घरं मांडली. बेडरूम आमची, हॉल त्यांचा. स्वयंपाकघर सकाळी आमचं, अकरानंतर त्यांचं. त्यांनी आपली वेगळी शेगडी आणली. बाथरूमला जायचं तर मला त्यांच्या अंथरुणांच्या कडेने, पदर सावरत जावं लागायचं. ते जेवायला बसले की आम्ही दार लावून घ्यायचो. सुक्या बोंबलांचा वास आला की नवरा खिडकी उघडायचा, तीही जरा जोरात, त्यांना ऐकू जाईल अशी. महिना महिना कुणी कुणाशी बोललं नाही.

घर आपल्या बाजूने कधीच रिकामं सोडायचं नाही, हा नियम मात्र दोघांनीही पाळला. आधी मी बिनपगारी रजा घेतली, मग नोकरीच सोडली. त्यांची सूनही कुठे जायची नाही. दिवसभर त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी एकमेकींवर पहारा करत बसायचो. भाजी आणायला गेले तरी मी नवरा घरी असताना जायची.

एकदा भात अर्धा शिजलेला असताना तिचा गॅस संपला. ती पातेल्याकडे बघत उभी राहिलेली मला दिसली.

"माझ्या शेगडीवर ठेवा," मी म्हटलं.

"तुमचे उपकार नकोत, ताई."

"उपकार कसले? भात वाया जाईल."

तिने पातेलं उचलून ठेवलं. आम्ही दोघी भात शिजेपर्यंत तिथेच उभ्या राहिलो. बोलणं असं सुरू झालं. तिने सांगितलं, की सासऱ्यांना शेत विकायचं नव्हतं. तिनेच पक्क्या घराचा हट्ट धरला होता. "माझ्यापायी झाला ह्या सगला," ती म्हणाली. आमच्याकडे हट्ट माझ्या नवऱ्याचा होता, पण सही करताना मीही हरखले होते.

म्हातारबाबा हॉलमधून हलत नसत. खाली उतरत नसत, बाल्कनीतही क्वचित यायचे. हळूहळू त्यांच्या पायांना सूज आली, मग चेहऱ्याला. बसल्या बसल्या श्वास लागायला लागला. सून दवाखान्यात चला म्हणून विनवायची, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "मी उठलो की ही मानसा कुलूप घालतील." आम्ही आत ऐकतोय हे त्यांना माहीत असायचं.

एका दुपारी त्यांचे ओठ काळेनिळे पडले. मुलगा ट्रेलर घेऊन गुजरातला गेलेला. सून बेडरूमच्या दारात आली.

"ताई, मी ह्यांना नेतेच. मागं आमचा कोनी नाय. आमी परत आलो की दार उघडाल ना?"

"उघडीन."

"तुमच्या देवाची आन?"

"देवाची आण," मी म्हटलं.

इमारतीत लिफ्ट बसवलीच नव्हती. शेजाऱ्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. वळणावर त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास नव्हता.

संध्याकाळी नवरा आला, त्याने रिकामा हॉल पाहिला. आल्या पावली खाली गेला आणि कुलूपवाल्याला घेऊन वर आला. मी उंबरठ्यावर बसले होते.

"ऊठ," तो म्हणाला.

"मी त्यांना शब्द दिलाय. देवाची आण घेतलीय."

"आणेवर हप्ते फिटतात का? पुन्हा अशी संधी मिळणार नाही आपल्याला!"

"म्हातारा माणूस मरायला टेकलाय."

"मग आपण जगायचं नाही का?"

त्याचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. मी उठले नाही. कुलूपवाला थोडा वेळ घुटमळला, "तुमचं ठरलं की सांगा," म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला. नवरा त्या रिकाम्या हॉलमध्ये जाऊन, त्यांच्या गुंडाळलेल्या गादीशेजारी, किती तरी वेळ उभा होता.

म्हातारबाबा परत आले ते जीव गेल्यावरच. मुलाने ठरवलं, गावी नेण्याआधी त्यांना घरी आणायचं. "त्यांचा घर होता," एवढंच तो म्हणाला. आम्ही हरकत घेऊ की काय म्हणून तो जिन्यातच थांबला होता. तेव्हा माझा नवरा पुढे झाला. त्याने हॉलमधलं सामान बाजूला सारलं, जमीन स्वतः पुसली आणि खाली जाऊन खांदा दिला. ज्या भिंतीला ते टेकून बसायचे तिथेच त्यांना ठेवलं. मी दिवा लावला. सून रडत नव्हती. तिने फक्त माझा हात धरला होता आणि तो दुखेपर्यंत सोडला नाही.

तेराव्याच्या आसपास दारावर जप्तीची नोटीस चिकटलेली दिसली. आमच्या मजल्यावरचे फ्लॅट बिल्डरने आधीच एका वित्त कंपनीकडे गहाण टाकले होते. त्यांच्या कराराच्याही आधी. तेव्हा घर त्यांचंही नव्हतं आणि आमचंही नव्हतं. ज्याच्यासाठी आम्ही एकमेकांची तोंडं चुकवत जगलो, ते कुणा तिसऱ्याचंच होतं. मुलगा नोटीस पुन्हा पुन्हा वाचत होता. "मंग बा कशापायी मेला?" त्याने विचारलं.

त्यानंतर आम्ही दोन्ही कुटुंबांनी मिळून एकच वकील केला. मुदत मागितली, थोडी मिळाली, संपली. शेवटी एका सकाळी अधिकारी, पोलीस आणि पंच आले.

"इथे राहतं कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"आम्ही," मी आणि ती एकदमच म्हणालो.

त्याने कंटाळून पुढे लिहायला घेतलं. दुपारपर्यंत सगळं सामान खाली रस्त्यावर होतं. त्यांचं कुठलं, आमचं कुठलं, हे हमालांना कळेना. आम्ही दोघींनी वेगवेगळं केलं. दाराला लाखेचं सील लागलं.

आता आम्ही करंजाड्याला भाड्याने राहतो. नवरा ऑफिस सुटल्यावर आणखी एक काम करतो, कारण घर गेलं तरी कर्ज आहेच. आमच्यात भांडण नाही. बोलणंही फारसं नाही. ती मंडळी गावात, चुलत्यांच्या पडवीत राहतात. ती द्रोणागिरीला एका गोदामात पॅकिंगला जाते. फ्लॅटचा लिलाव झाला, तिथे कुणी तरी राहायला आलं म्हणतात. मी त्या रस्त्याने जात नाही.

फसवणुकीची केस पनवेलच्या कोर्टात चालू आहे. मागच्या तारखेला आम्ही चौघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. जामिनावर सुटलेला बिल्डर समोरून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. तिचा नवरा ताडकन उठला. माझ्या नवऱ्याने त्याचं मनगट पकडलं. बिल्डरने आमच्याकडे पाहिलं, गर्दीतल्या कुणाकडेही पाहावं तसं, ओळखीच्या वकिलाला हात केला आणि आत गेला.

"ताई," ती म्हणाली, "त्यानं आपल्याला वलकला पन नाय."

थोड्या वेळाने शिपायाने पुकारा केला. जजसाहेब रजेवर होते. आम्हाला पुढची तारीख मिळाली.