नुसता भात

बाबा, आम्ही नागपूरजवळच्या वाडीला राहायला निघालो तेव्हा कुहीच्या स्टँडवर तुम्ही कंडक्टरशी हुज्जत घालून तांदळाचं अर्धं पोतं माझ्या सीटखाली सरकवलं होतं. तीन वर्षांची मिनू माझ्या मांडीवर होती. बस हलली तरी खिडकीतून तुमचं चालूच, "खाऊन राहिली ना पोरगी, मंग नुसता भात तं नुसता भात. जबरदस्ती नको करजो वं."

मिनूला भाताला वरण लागलेलं चालत नसे. ओलं काही जिभेवर आलं की ओकारी यायची. कुहीत तुम्ही तिच्या शेजारी ताट घेऊन बसायचात, स्वतःचं वरणही वाटीत वेगळं ठेवायचात आणि म्हणायचात, "आपण दोघं कोरड्या पार्टीचे." आई कपाळाला हात लावायची, पण पोरीचं पोट भरायचं.

वाडीतल्या एका खोलीत लपवणार तरी काय? मिनूचे बाबा गोडाऊनला गेले की शेजारणी डोकावायच्या. "काहून वं, पोरीले नुसता भातच?" मला लाज वाटायची. हाडं कशी भरतील, ही धास्तीही होतीच. एक दिवस मी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग बारीक कुस्करून भातात मिसळला. रंग तोच, तिला काय कळणार! तिसऱ्या घासाला तिने तोंडातलं सगळं ताटात काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. पण त्या दिवसापासून तिने भात सोडला.

दवाखान्यातल्या बाईंनी नंतर समजावलं की हे नखरे नसतात, काही मुलांच्या जिभेला ओलं-मऊ खरंच सोसत नाही. त्यांच्या भरवशाच्या पदार्थात काही लपवलं तर तोही हातचा जातो. आता ती कोरडी पोळी आणि मुरमुरे खाते, तेही आधी हुंगून.

तुम्हाला मी यातलं काहीच सांगितलं नाही. दिवाळीत तिने तुमच्या शेजारी बसून भात हुंगला आणि ताट मागे सारलं, तेव्हा तुम्ही मूठभर तांदूळ उजेडात धरून बघत राहिलात. "यंदा धानच बिघडला वाटते," म्हणालात. मी तिचं ताट उचलून आत नेलं. मग तुम्ही राईस मिल बदललीत. प्रत्येक पोत्यामागे तुमचा फोन, "हा तरी खाल्ला का वं पोरीनं?" आणि आता पेऱ्याला बियाणंच बदलतो म्हणता.

गाव सोडून आलेल्या आम्ही बायका जमलो की घराच्या आठवणी निघतात. कुणी अंगण सांगते, कुणी शेत. मला एवढंच आठवतं की तुमच्या शेजारी बसून मिनू वास न घेता पहिला घास उचलायची. तेच माझं घर होतं, आणि ते मी माझ्या हाताने घालवलं.

तांदूळ चांगलाच होता, बाबा. बियाणं बदलू नका.