ठकठकमावशीची होडी

आमची ही समुद्रावर बोलते कमी आणि ठोकते जास्त. मला नाही हो, होडीला!

शाळा-कॉलेजातल्या पोरांना आम्ही डॉल्फिन दाखवायला नेतो. सुकाणू तिच्या हातात, इंजिन माझ्याकडे. होडी तिच्या वडिलांची. दोन मुलगे असताना सासऱ्यांनी ती मुलीला दिली, कारण हिच्याइतका धीर त्या दोघांत मिळूनही नव्हता. खडकांच्या आडोशाला पोचलं की ही तुटक्या वल्ह्याचा दांडा घेते आणि फळीवर ठोकते. ठक, ठक, ठक. लगेच मी इंजिन बंद करायचं. मग कुणी हूं की चूं करायचं नाही. घरी आईबापाला उलटून बोलणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं तिच्यापुढे चिडीचूप. मी तर लग्नापासूनच चिडीचूप आहे. पोरांनीच तिचं नाव ठेवलं, ठकठकमावशी.

"डॉल्फिनना कळतं," ती म्हणायची. "लाकूड वाजलं म्हणजे आता इंजिनाचा पाण्यातला पंखा थांबणार. मग ते न भिता जवळ येतात."

"तुझ्या माहेरचे का ते?" मी चिडवायचो. पण यायचे खरे.

गेल्या हंगामात एका मादीला पिल्लू झालं. ते तर दांडा वाजला की आईला मागे टाकून यायचं, होडीला पाठ घासायचं. ही वाकून त्याला म्हणायची, "आलास का रे लबाडा?" पोटच्या पोराशी ती कधी इतक्या मऊ आवाजात बोलली नाही. आमचा मुलगा अजून बोलून दाखवतो.

मग एका सहलीत चष्मेवाली मुलगी आली. पिल्लू बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने सगळं मोबाइलमध्ये घेतलं, ठोका, शांतता, पिल्लू, आणि खाली लिहिलं, 'तीनदा ठोका, ते येतं.' इंजिन बंद करायचं लिहायला विसरली. वाईट मनाने नाही हो. तसं असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

बघता बघता ते ज्याच्या त्याच्या मोबाइलवर गेलं आणि धक्क्यावरच्या प्रत्येक होडीत दांडा आला. इंजिन मात्र कुणी बंद करेना. बंद करा, परत चालू करा, कोणाला वेळ आहे? ही एकेका होडीपाशी गेली. "ठोका हवं तर, पण आधी पंखा थांबवा रे." सगळे म्हणाले, "हो मावशी," आणि पाठ वळताच हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी बंदराच्या कचेरीत गेलो. साहेब भला माणूस, त्याने चहा पाजला. म्हणाला, "लाकूड वाजवायला बंदी कुठल्या नियमात बसवू, सांगा." चहा पिऊन हात हलवत परत आलो.

आणि एक दिवस पिल्लू आलं ते पाठीवर ताजी जखम घेऊन. पंख्याचीच. तरी येऊन त्याने होडीला पाठ घासली. हिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्या दिवशी घरी चूल पेटली नाही.

पुढच्या सहलीला तीच चष्मेवाली मैत्रिणींना घेऊन आली. "मावशी, आज मी ठोकू?"

"नको. सगळ्याजणी घट्ट धरून बसा," ही म्हणाली. खडकांपाशी तिने दांडा उचलला. ठक, ठक, ठक. मी सवयीने इंजिनाकडे हात नेला.

"बंद नका करू. पूर्ण वेगात सोडा."

"अगं, पण..."

"पूर्ण म्हणते ना!"

पिल्लू आमच्याकडेच येत होतं. हिने सुकाणू वळवलं आणि होडी थेट त्याच्या रोखाने घातली. अगदी शेवटी जरा बाजूला काढली. पिल्लू बुडी मारून लांब निघालं. पोरी किंचाळल्या. हिने पुन्हा ठोकलं. ते वेडं पुन्हा आलं. पुन्हा होडी अंगावर.

"जा मेल्या!" ही रडत ओरडत होती. "लाकूड वाजलं की पळ! पळायचं, कळलं?"

ते गेलं. धक्क्यावर उतरताना चष्मेवाली म्हणाली, "तुम्ही अशा असाल असं वाटलं नव्हतं." मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिने माझा हात दाबला.

आमचं इंजिन जुनं, खोकल्याची उबळ आल्यासारखं चालतं. धक्क्यावर कुणीही डोळे मिटून ओळखेल. काल ती उबळ ऐकताच लांबवर दिसणारं पिल्लू गपकन बुडालं. मला हायसं वाटलं. "जमलं गं!" मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी ती हसली.

तेवढ्यात खडकापलीकडे दुसऱ्या होडीवर दांडा वाजला. ठक, ठक, ठक. त्यांचं इंजिन धडधडतच होतं. पिल्लू वर आलं आणि सरळ तिकडे निघालं.

ते लाकडाला घाबरायला शिकलंच नव्हतं. आम्हाला घाबरायला शिकलं होतं.

ही उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडली. एवढ्या इंजिनांत तिचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही नीट ऐकू आला नाही.