महानंदाबाईंचं पान

नवी पेठेच्या गर्दीत एखादी बाई तोंडासमोर कागद धरून चालली आहे आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला आहे, असं दिसलं तर त्या आमच्या दुकानातल्या महानंदाबाईच असायच्या. आम्ही दोघी लग्नातल्या बँडवाल्यांना कॉम्प्युटरवर नोटेशन छापून द्यायचो. बाई छापलेलं पान घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत जात. जिथं नजर अडखळे तिथं नखानं ओरखडा काढत आणि परत येऊन तेवढीच जागा दुरुस्त करत.

"वरातीत कोन उभा ऱ्हाऊन वाचतंय?" त्या म्हणायच्या. "चालत वाजवनाऱ्याचं पान चालतच बगायचं की."

दुरुस्ती म्हणजे काय, तर स्वर चढवायची नाहीतर उतरवायची खूण, शार्प आणि फ्लॅट, माऊसनं केसभर सरकवायची. सॉफ्टवेअर ती आपोआप स्वराच्या आधी बसवतं. पण स्वर दाटीनं आले की ती मागच्या स्वराला चिकटते आणि वाजवणारा चुकतो. मी सॉफ्टवेअर ठेवील तिथं ठेवून मोकळी व्हायचे. बाईंचं तत्त्व वेगळं. "खूण सुराच्या अंगावर पडू ने, पर हात धरंल इतकी जवळ पायजे."

त्यांना हे काम शिकवलं मी. माऊस धरायलाही मीच. तरी गिऱ्हाईक दारातूनच विचारणार, बाई हायत का? तेही मी गिळलं असतं. पण माझे यजमान बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. माझ्या पानावर ते ओळीओळीला थांबायचे, मान वाकडी करून बघायचे. बाईंचं पान क्लॅरिनेटवरच्या चिमट्यात लावलं की थेट शेवटपर्यंत. एकदा जेवताना म्हणाले, "बाईंचं पान वाचावं लागत न्हाय, आपसूक वाजतंय." भाकरी माझ्या हातची आणि कौतुक बाईंचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात बाई स्वभावानं चांगल्या. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, डब्यातून आणायच्या, कन्नड-मराठी मिसळून माझ्या पोरांची चौकशी करायच्या. अशा माणसाचा धड रागही करता येत नाही, म्हणून जास्तच राग येतो.

मग त्यांच्या मुलाला हुबळीला नोकरी लागली आणि बाई निघाल्या. मी त्यांची ओटी भरली, डोळे पुसले. मनातून मात्र मी खूश होते, खोटं कशाला सांगू?

त्या गेल्यावर लग्नसराईच्या तोंडावर एक अवघड गाणं आलं. मी हट्टाला पेटले. एकेक खूण सरकवली, मागे घेतली, पुन्हा सरकवली. मान मोडून आली. सकाळी यजमान सरावाला बसले तेव्हा कुणाचं ते न सांगता पान पुढं ठेवलं आणि चुलीशी गेल्यासारखं करून दाराआड उभी राहिले. त्यांनी ते न अडखळता शेवटपर्यंत वाजवलं. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते.

क्लॅरिनेट मांडीवर ठेवून ते पानाकडे मायेनं बघत राहिले.

"हुबळीवरनं धाडलं व्हय बाईंनी?"

"व्हय," मी म्हणाले.

मी केलंय म्हटलं असतं, तर ते पान त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून चुका शोधत वाजवलं असतं.