कोपऱ्यातल्या खुर्चीपुढचा ग्लास

जपानमधल्या उत्सुनोमिया शहरात कुजबुज होती, की बारमालक कुरोसाकी आपल्या दिवंगत बायकोसाठी रोज कोपऱ्यातल्या खुर्चीपुढे कॉकटेल मांडतात.

नेहमीच्या गिऱ्हाईक नुमाजिरीबाईंनी एकदा डोळे टिपत विचारलंच, "मास्टर, आज काय पितेय ती?"

कुरोसाकी बर्फाचा गोळा तासत राहिले. बायको जाऊन वर्ष झालं, रडू येईल म्हणून ते वाट बघत होते, येत नव्हतं. खरं सांगितलं, तर हेही कबूल करावं लागलं असतं.

"जिम्लेट," ते म्हणाले.

"जिवंतपणी बिचारीला नुसता सातूचा चहा पाजलात हो."

"हो."

बोलणं झोंबायला हवं होतं. झोंबलं नाही.

त्या खुर्चीचा पाय मोडला होता. कुणी बसून पडू नये, म्हणून ते समोर पाण्याचा ग्लास ठेवत.