साडी नेसलेली पुस्तकं

आमच्या ह्यांचं नाव धुडकू. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून मला कुणी बोलू नका, एकदाच घेतलं, परत घेणार नाही. साक्रीकडून सुरतेला आले, लिंबायतमध्ये लूमवर लागले. बारा तास खटखट ऐकल्यावर शहाणा माणूस घरी येऊन आडवा होतो. हे नाही! हे जायचे वाचनालय उघडायला. गल्लीच्या मंडळाची एक खोली, एक लोखंडी कपाट आणि दोनशे बारा मराठी पुस्तकं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

पुस्तकांना ह्यांनी साड्या नेसवल्या होत्या. खोटं वाटेल, पण पलसाण्याच्या मिलमधले डागी तुकडे स्वस्तात मिळायचे, त्यांची कव्हरं शिवायचे. मग पुस्तकाचं नाव कोण विचारतो? "भाऊ, ती मोरपंखी बुट्टीची द्या." "जांभळ्या काठाची परत आली का?" असा सगळा कारभार. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मला तीन साड्या आणि पुस्तकांना दोनशे बारा. आता माझं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

शहाण्णव साली पावसाळ्यात मंडळाचे अध्यक्ष बन्सीलालभाऊ दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सगळ्या गल्लीची सगळी पुस्तकं वाचून झाली. रजिस्टरमध्ये नऊ नावं उरलीत. दिवाळीपर्यंत तीस करा, नाहीतर खोली रिकामी करा. आम्हाला गणपतीचं सामान ठेवायला जागा नाही."

खोली रिकामी म्हणजे कपाट कुठे येणार? आमच्या घरात! दहा बाय दहाची खोली, त्यात आम्ही दोघं, पोरगी गायत्री, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. कपाट आलं तर आम्ही निजायचं कुठे, कपाटात? माझी तर झोपच उडाली.

त्याच आठवड्यात बारडोलीहून पत्र आलं. काशिनाथ म्हणून एक जण, साखर कारखान्यात कामाला, तोही असंच एक वाचनालय चालवायचा. त्याने लिहिलं होतं, गुजरातभरात आपल्यासारखी सात मराठी वाचनालयं आहेत, अंकलेश्वर, बडोदा, पार अहमदाबादपर्यंत. सगळ्यांची रड एकच, वाचून झालेली पुस्तकं. तर प्रत्येकाने चाळीस पुस्तकांची पेटी भरून पुढच्याला पाठवायची, दोन महिन्यांनी पेटी पुढे सरकणार. नवीन एकही विकत न घेता सगळ्यांना नवीन वाचायला मिळेल.

मला तर देवच पावला असं वाटलं. हे मात्र पत्र वाचून लालबुंद. "मनं पुस्तक गल्लीबाहेर नही जाई!" घरात चिडले की ह्यांची अहिराणी बाहेर पडते.

"का? बाहेर गेलं तर काय, पळून जाईल?"

"लोक पानं दुमडतात, गायत्रीनी माय! चहाचे कप ठेवतात!"

मी उठले, माझी लग्नातली पत्र्याची पेटी रिकामी केली, आतल्या तिन्ही साड्या खुंटीला टांगल्या आणि पेटी ह्यांच्या पुढ्यात आपटली. "भरा."

भरली. कशी भरली ते ऐका. कपाटातली सगळ्यात फाटकी, कसर लागलेली, आगापिछा नसलेली चाळीस निवडून भरली आणि अंकलेश्वरच्या एसटीत चढवून दिली. चांगली सगळी कुलपात. वर मला म्हणतात, "परत नाही आली तरी चालतील." मी कपाळावर हात मारून घेतला.

दसऱ्याच्या आधी बारडोलीची पेटी आली. उघडायला अख्खी गल्ली जमली. बन्सीलालभाऊ मुद्दाम पुढे उभे. ह्यांनी नारळ फोडला, झाकण उघडलं. आत काय? एकाहत्तर सालची तीन पंचांगं, कोंबडीपालनाचं अर्धं पुस्तक आणि बाकी नुसतं वाळवीचं उष्टं! काशिनाथनेही तेच केलं होतं. मागून कळलं की साती जणांनी तेच केलं होतं. गुजरातभर एसटीतून मराठी रद्दी फिरत होती.

लोक हसले. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला इतका राग आला होता, पण तो चेहरा बघवेना.

तेवढ्यात प्रमिलाबाईंनी पेटीत हात घातला. ह्या आमच्या शेजारीण, घरी साड्यांचे धागे कापायचं काम करायच्या. दुपारी पाच-सहा बायका त्यांच्या ओट्यावर कापायला बसत आणि प्रमिलाबाई वाचून दाखवत. वाचनालयातली गुलाबी जॉर्जेटची कादंबरी चार वर्षं त्यांच्याच घरी होती, मागितली तर द्यायच्या नाहीत. तिची शेवटची सोळा पानं गायब. कुमुद सुटकेस घेऊन एसटी स्टँडवर उभी, एका हातात शिक्षिकेच्या नोकरीचं पत्र, समोर नको म्हणणारा होणारा नवरा, आणि पुस्तक संपलं. चार वर्षं आमच्या गल्लीतल्या बायका त्या स्टँडवर ताटकळत होत्या.

प्रमिलाबाईंच्या हातात एक मळकं पुस्तक आलं. पहिली बत्तीस पानं नव्हती. त्यांनी सवयीने शेवट उघडला आणि किंचाळल्या, "ओ माय! हाई तर आपली कुमुद शे!"

मग काय विचारता! बायकांनी बन्सीलालभाऊंना ढकलून प्रमिलाबाईंना वाचायला खुर्चीवर बसवलं. गायब सोळांतली पहिली चौदा पानं लेखकाने स्टँडवरच्या धुळीचं वर्णन केलं होतं, त्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या. शेवटच्या दोन पानांत कुमुद एकटीच बसमध्ये चढली. नोकरीवर निघून गेली. मागे वळून बघितलंही नाही.

प्रमिलाबाई ढसाढसा रडल्या. मीही रडले, लपवू कशाला? अर्ध्या बायका म्हणाल्या बरं केलं, अर्ध्या म्हणाल्या लग्न करून जायला काय झालं होतं? आठ दिवस गल्लीत तेच भांडण. ज्यांनी वाचली नव्हती त्याही भांडता यावं म्हणून नाव घालायला आल्या. सगळ्यात आधी आली बन्सीलालभाऊंची बायको. दिवाळीला रजिस्टरमध्ये एक्केचाळीस नावं.

ह्यांनी काशिनाथला पत्र लिहिलं, खरं खरं. "आम्ही रद्दी पाठवली, तुम्हीही पाठवली. आता दोघंही लाज सोडू. कुणाकडे कोणती पानं नाहीत त्याची यादी करू आणि चांगली पुस्तकं कुलपातून काढू." दुसऱ्या फेरीत ह्यांनी मोरपंखी बुट्टीसुद्धा पाठवली. एसटी वळेपर्यंत हात हलवत उभे होते, वेडे कुठले! बडोद्याहून चाळीस नवी आली. आणि ह्यांनी रात्रपाळीहून येऊन कुमुदची सोळा पानं हाताने उतरवून आमच्या गुलाबी जॉर्जेटला शिवली, मगच बारडोलीचं पुस्तक पुढे सोडलं.

खोली वाचली. मी म्हटलं, सुटले एकदाची.

पण आमचे हे! आनंदाच्या भरात बन्सीलालभाऊंना काय म्हणाले? "भाऊ, खोली दिलीत, आता गणपतीच्या सामानाची काळजी तुम्ही करू नका."

तेव्हापासून आमच्या दहा बाय दहामध्ये दोन मखरं, चार झुंबरं आणि माझ्या उशाशी एक हातभर उंच थर्माकोलचा उंदीर आहे. पाय पसरता येत नाहीत. मी रोज ह्यांना शिव्या घालते. मग उंदराला पाठ टेकून बसते आणि बडोद्याहून आलेलं पुस्तक उघडते. लवकर संपवायला हवं, शुक्रवारी पेटी निघते.