नवसागराचा डाख

आईला कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा मी शाळेत होते. मी नोकरीला लागेपर्यंत तिचे कान जवळजवळ बंद झाले होते. नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत मी घसा फोडून बोलायची. बाबांनी मात्र ओरडणं सोडून खाणाखुणा धरल्या आणि हळूहळू त्याही कमी झाल्या. एका घरात दोघं अशी गप्प बसलेली मला बघवत नसत.

मला रेडिओचं वेड होतं. वाटाण्याएवढे दोन ट्रान्झिस्टर, छोटा माईक, कानात घालायचा इअरफोन आणि टॉर्चचे सेल, एवढ्यात आवाज मोठा करणारी डबी होते, हे मी एका मासिकात वाचलं. जोडणी मला कळत होती, पण कथील वितळवून तारा जोडायचा डाख मला जमत नसे. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर, आणि आळीतल्या गळक्या घागरी डाखायला आमच्याच ओट्यावर यायच्या. त्यांनी पितळी पत्रा ठोकून डबी केली. कोपऱ्यातला सांधा नखालाही लागत नव्हता. मग डाख द्यायचं तांब्याचं हत्यार स्टोव्हवर तापवून, मळ निघून कथील धरावं म्हणून नवसागराच्या खड्यावर घासलं, तारांनाही नवसागराचं पाणी लावलं आणि तांदळाएवढ्या जागेत डाख दिला. आच ट्रान्झिस्टरपर्यंत चढू नये म्हणून त्याचा तारेचा पाय चिमट्यात धरून ठेवला होता. एवढी राठ बोटं आणि केसासारखी तार! मी थक्क होऊन बघत राहिले.

डबी चालली. आईला रविवारी द्यायची ठरली आणि नेमकी रविवारी ती बंद पडली. उघडली तर सांध्यासांध्यावर हिरवा गंज. माझं डोकं फिरलं, सगळा राग मी त्या मासिकावर काढला. बाबांनी डबी उजेडात धरली आणि एक सांधा नखाने खरवडून पाहिला.

"नवसागराचं काम हे," ते म्हणाले. "घागर डाखली का आपण धुतो. हिला कुठं धुतली?"

रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मी राळ आणली; तिने तार गंजत नाही. गंजलेली टोकं कापल्यावर ट्रान्झिस्टरचे पाय इतके आखूड उरले, की आता चुकलं असतं तर ते फेकूनच द्यावे लागले असते. तसे दुसरे नाशकात मिळत नव्हते. बाबांनी एकेक तार घासून लख्ख केली आणि राळ लावून पुन्हा जोडली.

आईने इअरफोन कानात घातला. बाबांनी डबी तोंडाशी धरली.

"चहा टाकती का?" ते म्हणाले.

आई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. पत्र्याच्या डबीतून माणूस माणसापर्यंत पोचताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा आवाज लय म्हातारा झाला."

बाबांनी डबी खाली ठेवली नाही. चहा मीच टाकला.