नवरीच्या हनुवटीवरचा गोल

गेल्या रविवारी सकाळी आठला मी कार्ल्यात एका लग्नघरी पोचले... पाहुणी म्हणून नाही, नवरीचा मेकअप करायला. माझी पहिली खरीखुरी ऑर्डर! याआधी फक्त नणंद, चुलतबहीण आणि एकदा सरावासाठी नवरा. (त्याचे फोटो आहेत, पण टाकणार नाही. संसार करायचाय.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी तळेगावजवळ नवलाख उंबऱ्याला एका कारखान्यात नोकरी करते. तिथे गाड्यांच्या दारांना रंग देतात आणि मी तो तपासते. दिवसभर झगझगीत ट्यूबलाइटखाली पत्रा न्याहाळायचा, कुठे डाग, दाणा, ओरखडा दिसला की मार्करने त्याभोवती गोल करायचा. पुढचा माणूस तेवढी जागा घासून काढतो.

आणि आमच्या डिपार्टमेंटला मेकअपच बंद आहे! पावडर, लिपस्टिक, सेंट, केसाला तेलसुद्धा चालत नाही... रंगात त्यातलं काही गेलं की दार वाया. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस मी नुसत्या धुतलेल्या तोंडाने वावरते आणि सातव्या दिवशी दुसऱ्यांची तोंडं रंगवते.

तळेगावात रविवारचा क्लास केला, तेव्हा कंपनीतल्या मैत्रिणी हसल्या होत्या. नोकरी काही सोडायची नाही मला. पण हे एक आपलं स्वतःचं असावं, जमावं, असं फार वाटत होतं... आणि लग्नघरात एवढ्या बायका बघणार म्हणजे जमलं तरी गावभर, बिघडलं तरी गावभर.

नवरीच्या आईने, म्हणजे मावशींनी, त्या आठवड्यात मला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा एकच. "ताई, बाकी तुमी काय बी करा, पन हनुवटीवरचा वण तेवढा दिसाया नको. अजिबात दिसाया नको."

मी म्हटलं, मावशी, काळजीच सोडा.

तर... नवरीला, प्रज्ञाला, खिडकीपाशी बसवलं. पांढरी साडी, सोनेरी काठ, इतकी गोड दिसत होती! बारा वाजता बुद्धवंदना सुरू होणार, हाताशी वेळ भरपूर. रिंगलाइट लावला, तिचं तोंड पुसून घेतलं आणि न्याहाळायला लागले. कपाळ ओके... गाल ओके... नाक ओके... हनुवटीवर बोटभर लांब वण.

हातात आयब्रो पेन्सिल होती. आणि माझ्या हाताने काय करावं? सरळ त्या वणाभोवती गोल केला! नीट, एका झटक्यात, कंपनीत दिवसाला शंभर करते तसा.

मावशी चहा घेऊन दारात उभ्या. मी कापूस शोधतेय तर समोर ठेवलेला कापूस मला दिसेना... तोंडाने नुसतं सॉरी सॉरी, आणि मध्येच कंपनी, दारं, मार्कर असं काहीतरी. लग्नाच्या दिवशी एखाद्या मुलीला तिच्या चेहऱ्यातली खोट गोल करून दाखवायची म्हणजे काय! मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

प्रज्ञाने आरशात बघितलं... आणि खो खो हसायला लागली.

मला जरा हायसं वाटतंय, तोवर मावशी कप खाली ठेवून तिथेच फरशीवर बसल्या. तोंडाला पदर. "माझ्याच इळ्यानं झालंय त्ये, ताई. भात कापताना ही मागनं कवा आली, मला दिसलीच न्हाई. बारा वर्सं झाली... हिच्याकडं बघितलं की आदी त्योच दिसतो मला."

प्रज्ञाचं हसू थांबलं. आई इतकी वर्षं हे मनात धरून बसलीय, हे तिलाही माहीत नव्हतं. ती साडीसकट खाली बसली, आईसमोर. (पदराच्या निऱ्यांचं काय झालं ते विचारू नका.)

"आये, मला तर दुखल्यालं बी आठवत न्हाई गं. तू मला उचलून पार हायवेपातुर पळत गेलतीस, तेवढंच आठवतंय. तुज्या पायात चप्पल बी नव्हती."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, गोल पुसा. वण राहू द्या."

आता माझी पंचाईत. ऑर्डर आईची, चेहरा मुलीचा. मी विचारलं, मावशी, काय करू? त्यांनी बराच वेळ डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तिचं त्वांड हाय... ती म्हनंल तसं."

खरं सांगू, झाकणं सोपं होतं. क्लासमध्ये तेच शिकवलं होतं. तेवढीच जागा मोकळी सोडून बाजूचा रंग तिच्याशी मिळवत आणायचा, याला मला पाऊण तास लागला. मावशी शेवटपर्यंत शेजारी बसून होत्या, आधी दुसरीकडे बघत... मग बघत.

लग्न छान झालं. दोघी-तिघींनी माझा नंबरही घेतला. निघायच्या वेळी प्रज्ञा गाडीत बसायला लागली, तशा मावशी पुढे झाल्या. मला वाटलं, आता रडारड. पण त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, वाकल्या आणि सगळ्यांदेखत त्या वणाची पापी घेतली.

मी मांडवाच्या कोपऱ्यात बॅग घेऊन उभी होते... आणि इतरांचं माहीत नाही, माझा मेकअप मात्र पार वाहून गेला. मावशी, पहिल्यांदा तुम्हीच बोलावलंत, याबद्दल मनापासून थँक्यू.